धंदा अंगात असावा लागतो का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाशिक शहर आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत आहे: माझा स्वभाव धंद्याचा आहे का? उत्तरांकडे वळण्याआधी एक फरक सांगायला हवा. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत स्वयंरोजगारी माणसांचे तीन गट धरतात. एकट्याच्या बळावर काम करणारे, पगारी माणसे ठेवणारे मालक, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे. २०२३-२४ च्या पाहणीत देशातल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोक या तिन्हीत मिळून होते, आणि त्यांत मालक अगदी थोडे. एकट्याने काम करायला जे अंगी लागते, तेवढ्यावर दुसऱ्याचा पगार निभावता येतोच असे नाही. खालच्या बहुतेक पत्रांतली अडचण नेमकी इथेच आहे.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात १७ वर्षे व्हीएमसीवर (धातू कापणारे संगणकी मशीन) ऑपरेटर, आता सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा) आहे. वय ४१, हातात पगार ३८ हजार. अंबडला गाळा भाड्याने घेऊन सेकंडहॅण्ड मशीन टाकायचे ठरवतोय. एकूण खर्च २० लाख, त्यात कर्ज १४ लाख. ताशी ५०० रुपये दर मिळेल. मशीन मी एकटाच चालवीन. घरचे म्हणतात, आपल्या घरात कुणी धंदा केला नाही, ते आपल्या रक्तात नाही.

उत्तर : रक्ताचे आधी बोलू. धंदेवाईक आईवडिलांची मुले धंद्यात जास्त जातात, हे खरे आहे. त्यात रक्त किती आणि वळण किती हे वेगळे काढण्यासाठी स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांची माहिती तपासली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाढवणाऱ्या घराचा वाटा जन्माच्या वाट्यापेक्षा सुमारे दुप्पट निघाला. धंदेवाल्याच्या घरात पोर जेवताना ऐकत असते, अमक्याने चेक दिला पण वटला नाही, तमक्याला माल देऊ नकोस, या महिन्यात हप्ता कसा भरायचा. पगारी घरात हे कानावर पडत नाही, पण चाळिशीतही ते शिकता येते. ओळखीच्या गाळेवाल्याला विनंती करा आणि एका महिन्याच्या २५ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत रोज संध्याकाळी तासभर त्याच्याकडे बसा. पगार, हप्ता, वीजबिल, जीएसटीचा भरणा आणि येणे यांची सगळी ओढाताण या दिवसांत दिसते.

आता तुमचे आकडे मांडू. १४ लाखांवर ११ टक्के व्याज आणि ५ वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण ३०,५०० रुपये. गाळ्याचे भाडे १८,०००, वीज १२,०००, इन्सर्ट-कटर-कुलंट (कापायची हत्यारे आणि थंडाव्याचे द्रव) १५,०००, वाहतूक, हिशेबनीस आणि किरकोळ ८,०००. घरखर्चाला ३५,००० लागतीलच. बेरीज १,१८,५००. भाडे आणि वीज आम्ही अंदाजाने धरली आहे, तुम्ही तुमच्या गाळ्याचे आकडे घाला. एका पाळीत २५ दिवस गुणिले १० तास म्हणजे २५० तास. सेटिंग, पहिल्या नगाची तपासणी, कामाची वाट पाहणे, मशीन बंद पडणे हे वजा जाता ६५ टक्के वेळ कटिंगला मिळाला तरी खूप झाले, म्हणजे सुमारे १६२ तास. ताशी ७३१ रुपये मिळाले तर महिना भागेल. तुम्हाला मिळणार आहेत ५००.

दोन पाळ्या केल्या तर? ऑपरेटरचे २०,०००, जादा वीज १०,०००, जादा टूलिंग (हत्यारे) १२,००० मिळवून खर्च १,६०,५०० होतो आणि कटिंगचे तास ३२५. ताशी खर्च ४९४. म्हणजे तुमच्याच दराने जेमतेम बरोबरी, आणि तीही दुसरी पाळी चालवणारा माणूस पहिल्या दिवसापासून ठेवला तर. 'मी एकटाच चालवीन' हा विचार या मशीनवर आणि या कर्जावर बसत नाही. तुम्हाला थेट मालकच व्हावे लागेल. म्हणून स्वतःला प्रश्न असा विचारा, की रात्री दोन वाजता तुमच्या मशीनवर दुसरा माणूस काम करतोय आणि तुम्ही घरी झोपला आहात, हे तुम्हाला जमेल का?

हे हिमतीपेक्षा तयारीवर जास्त ठरते. माणूस फिक्स्चरमध्ये, म्हणजे नग पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, जॉब उलटा बसवू शकणार नाही अशी पिन तुम्ही लावली आहे का, ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) कुणी बदलला याची वही आहे का, दर दहाव्या नगाचे माप लिहिले जाते का? हे नसेल तर एका रात्रीत काय होते ते पाहा. गिऱ्हाइकाने दिलेली फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा नग) ३०० रुपये नगाची, तुमची मजुरी ६० रुपये. १०० नग वाया गेले तर ६,००० ची मजुरी तर बुडतेच, वर ३०,००० चा डेबिट येतो, म्हणजे गिऱ्हाईक तेवढे बिलातून कापते. चांगल्या कारागिराचा जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने करायचे काम) बंद पडायला कामाच्या तुटवड्यासारखेच हे डेबिटही कारण होऊ शकते.

दुसरी गोष्ट कौशल्यांच्या पसाऱ्याची. एकाच कामात अव्वल असलेल्यापेक्षा चार-पाच कामे बऱ्यापैकी येणारा माणूस धंद्यात जास्त उतरतो, असे अर्थतज्ज्ञ मांडत आले आहेत, आणि औद्योगिक वसाहतीत ते डोळ्यांना दिसते. ड्रॉइंगवरून वेळ काढून दर देणे, प्रोग्रॅम, फिक्स्चर, तपासणी अहवाल आणि वसुली, या पाचांपैकी सेटर म्हणून तुम्हाला दोन-तीन येत असणार. दर काढण्याचा सराव आजच सुरू करा. सुटा दिवस पाहून ओळखीच्या गाळेवाल्याची दहा जुनी ड्रॉइंग्ज घ्या, कागदावर सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) आणि दर काढा, मग त्याला प्रत्यक्षात किती लागला ते विचारा. दहापैकी सातांत तुमचा अंदाज १५ टक्क्यांच्या आत येईपर्यंत मशीनचा सौदा करू नका. सध्याच्या कंपनीची ड्रॉइंग्ज आणि गिऱ्हाइके मात्र यात आणू नका. नेमणूकपत्रातल्या अटीही वाचून घ्या.

नोकरी धरून धंद्याची सुरुवात करणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, असे २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तुमच्या कंपनीत ते नियमात बसत नसेल, तर निदान दोन गिऱ्हाइकांकडून महिन्याला किती नग देणार हे लेखी आल्याशिवाय राजीनामा नको.

पैशाचे तीन मुद्दे. गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देईल असे धरून दोन पाळ्यांचा तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे ४ लाख ८० हजार, खेळते भांडवल म्हणून वेगळे ठेवा, ते तुमच्या २० लाखांत दिसत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब करा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,००० असेल तर २४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १७ म्हणजे सुमारे २ लाख ३५ हजार. ही रक्कम भांडवलात घाला, पीएफ मात्र घरासाठी राहू द्या. आणि घरच्यांचा मेडिक्लेम राजीनाम्याच्या आधी काढा. आधीपासून असलेल्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि कंपनीचे संरक्षण शेवटच्या दिवशी संपते.

पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचा विचार करत असाल तर शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे) २५ टक्के अनुदान असते. पण ते ३ वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते. पहिल्या तीन वर्षांच्या रोख हिशेबात ते धरू नका.

प्रश्न : घरी गोडा मसाला आणि काळा मसाला करते. आठवड्याला २० किलो जातो, मागणी ४० ची आहे. बाई ठेवावी तर चव बिघडेल आणि कृती बाहेर जाईल अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात, आहे ते पुरे. – पंचवटी

उत्तर : तुमच्या पत्रात तुम्ही कामाचे तास दिले आहेत, ते फार बरे केलेत. २० किलोला निवडणे ६, भाजणे ९, डंकावर जाणे-येणे ४, चाळणे ३, भरणे आणि लेबल ५, पोचवणे ३, असे ३० तास. यातला चवीचा भाग ९ तासांचा आहे. बाकीचे २१ तास दुसरे कुणी केले तरी खाणाऱ्याला कळणार नाही. ४० किलोला तुमचे भाजण्याचे १८ तास होतील, म्हणजे आजच्यापेक्षा १२ तास कमी राबून दुप्पट माल.

आता भाजणेही कधीतरी दुसऱ्या हाती द्यावे लागेल. त्यासाठी 'हाताचे माप' वजनात उतरवा. प्रत्येक जिन्नस भाजण्याआधी आणि भाजल्यानंतर डिजिटल काट्यावर तोला, सलग चार घाण्यांचे आकडे वहीत मांडा. धणे, तीळ, खोबरे यांची घट दर वेळी जवळपास सारखी आली की तुमचा हात त्या आकड्यात आला. घट कमी आली तर जिन्नस कच्चा राहिला. खोबरे ओलसर राहिले की मसाला महिनाभरात खवट होतो, आणि गिऱ्हाईक तक्रार न करता दुसरीकडे जाते. दगडफूल जरा जास्त झाले तर सगळा घाणा कडू. म्हणून दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, शहाजिरे, वेलदोडे हा किमती भाग तुम्ही स्वतः तोलून, भाजून, एका घाण्याची एक अशा पुड्या बांधून ठेवा. बाईच्या हाती धणे, खोबरे, तीळ आणि ही पुडी. चवही राहते, कृतीही घरात राहते.

माणूस ठेवताना पहिले तीन महिने रोजावर ठेवा, किलोवर नको. किलोवर ठेवलेली बाई निवडण्यात घाई करते आणि धण्यातले खडे पाकिटात जातात.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करू नका, पण त्याचा अर्थ नीट लावा. बायकांच्या धंद्यात मोठे होणे न होणे पुष्कळदा भांडवलाआधी घरातल्या वेळेवर आणि पैसा कुणाच्या हाती येतो यावर ठरते. मालाचे पैसे यजमानांच्या खात्यात जमा होत असतील तर आजच स्वतःच्या नावाचे चालू खाते उघडा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) तुमच्याच नावाने करा, ती फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अन्नसुरक्षा नोंदणीही करून घ्या. उद्या कर्ज घ्यायचे ठरले तर बँक तुमच्या खात्यावरची उलाढाल पाहील. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज तुम्हाला दळण्याच्या छोट्या यंत्रापुरते पुरेल आणि डंकाचे ४ तास वाचतील.

प्रश्न : अंबडला कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचे काम करतो. हाताखाली चार मुले. ६ लाख ४० हजार येणे आहे. काम उत्तम, पण पैसे मागायला जीभ उचलत नाही. वडील शिक्षक होते, 'मागायचे नाही' हेच शिकलो. – अंबड

उत्तर : तुमच्या वडिलांनी शिकवले ते उधार-उसनवारीबद्दल होते. केलेल्या कामाचा मोबदला मागणे हे त्यात बसत नाही. ही भीड आम्हाला नोकरदार घरांतून धंद्यात आलेल्या फार माणसांत दिसते, आणि तिची किंमत मुलांच्या पगाराने चुकवली जाते. चार मुलांचे १८ हजारांप्रमाणे ७२,००० झाले. तुमच्या येण्यात त्यांचे जवळजवळ नऊ महिन्यांचे पगार पडून आहेत.

भीड जात नाही, पण ती आड येणार नाही अशी कामाची पद्धत लावता येते. मागणे तोंडी ठेवूच नका. कोटेशनमध्येच लिहा: ऑर्डरबरोबर ३० टक्के, तपासणी झाल्यावर गाडीत चढण्याआधी ४०, उरलेले ३० तीस दिवसांत. नवे गिऱ्हाईक ३० टक्के आगाऊ द्यायला तयार नसेल तर तांब्याची वायर आणि कॉन्टॅक्टर (पॅनेलमधले विजेचे स्विच) त्यानेच द्यावेत, तुम्ही मजुरीच करा. चलनावर माल मिळाल्याची सही, शिक्का आणि तारीख घ्या. पुष्कळ बिले अडकतात ती भांडणामुळे नव्हे, तर स्टोअरने आवक नोंद अकाउंट्सकडे पाठवलेलीच नसते म्हणून. म्हणून पहिला फोन सातव्या दिवशी आणि तो पैशाचा नाही: 'आवक नोंद झाली का? बिल कुणाच्या टेबलावर आहे?' हे विचारायला भीड वाटत नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला येण्याचा उतारा ईमेलने पाठवा आणि 'बाकी बरोबर आहे' असे उत्तर मागा. हे उत्तर पुढे फार कामाला येते. फोन करायला घरातले कुणी किंवा अर्धवेळ हिशेबनीस ठेवला तरी चालेल, मालकाने दर वेळी स्वतः बोलावे असा नियम नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म वा लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे धरतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक वेसण आहे. मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. मार्च जवळ आला की हे एक वाक्य नम्र भाषेत उताऱ्याखाली लिहा, अकाउंट्सवाल्यांना त्याचा अर्थ नेमका कळतो. मात्र उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी, नंतर केली तर वाद उभा राहतो. तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. तंटा याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेणे हा शेवटचा उपाय, कारण त्यानंतर ते गिऱ्हाईक बहुधा राहत नाही. पण ज्याने १८० दिवस थकवले ते गिऱ्हाईक टिकवून काय करायचे, याचाही विचार करा.

मोठ्या येण्याकडे आधी वळा. ६ लाख ४० हजारांत सर्वात जुने आणि सर्वात मोठे अशी दोन बिले बहुतेक निम्म्याहून जास्त रक्कम धरून बसलेली असतात.

प्रश्न : वय २५. तीन वर्षे एमपीएससी केली, यश नाही. मित्र म्हणतात धंदा कर. नोकरी मिळाली नाही म्हणून धंद्यात यावे का? वडिलांची ५ एकर द्राक्षबाग आहे. – दिंडोरी तालुका

उत्तर : यावे. नाइलाजाने धंद्यात आलेली माणसे कमी प्रतीची नसतात. फरक फक्त कर्जाच्या आकारात ठेवायचा. ज्याला बाजारात संधी दिसली म्हणून तो उतरतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक आणि धंद्याची माहिती आधीच असते. ज्याला ढकलले म्हणून तो उतरतो, त्याला ती अजून मिळवायची असते. तोवर दुसऱ्याच्या पैशावर मोठा डाव लावू नये.

तुम्ही लिहिता, 'धंद्याचा काहीच अनुभव नाही.' तसे नाही. खरड छाटणीपासून (काढणीनंतरची उन्हाळी छाटणी) पुढच्या काढणीपर्यंत मजुरांची टोळी कोण ठरवते, उचल किती द्यायची, टोळी शेजारच्या बागेत पळाली तर काय करायचे, व्यापाऱ्याने भाव पाडला तर थांबायचे की काढायचे, हे सगळे तुमच्या घरात होते. तुमचे वडील मालक आहेत, फक्त त्यांना तसे कुणी म्हणत नाही. येत्या हंगामात टोळीचा आणि औषधांचा हिशेब पूर्णपणे तुमच्या हाती घ्या. एकरी फवारणीचा खर्च वेगळा काढा. शेजारच्या दहा बागांना तोच हिशेब ठेवून हवा आहे का, ठिबक दुरुस्तीला किंवा ट्रॅक्टरवरच्या फवारणीला वेळेवर माणूस मिळतो का, हे विचारा. फळ छाटणीनंतरच्या (द्राक्ष धरण्यासाठीची छाटणी) दिवसांत पाऊस लागला की फवारणी एक दिवसही थांबत नाही, आणि त्या दिवसांत वेळेवर येणाऱ्याला लोक रोख पैसे देतात. सुरुवात घरच्याच ट्रॅक्टर-ब्लोअरने (फवारणी यंत्राने) करा, शेजाऱ्यांकडून भाडे घेऊन. पहिल्या हंगामात नवे यंत्र नको.

परीक्षेची वर्षे वाया गेली असे मानू नका. अर्ज, नियम, मुदती यांची तुम्हाला भीती वाटत नाही. अनुदानाच्या कागदांपाशी अडखळणारे शेतकरी तुमच्या गावातच असतील.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी नोकरी सोडून नाश्त्याचा धंदा सुरू करावा का? – नाशिकरोड

उत्तर : सिंहस्थासाठी म्हणून नको. पर्वणीची गर्दी मोजक्या दिवसांची असते, जागेचे भाडे आणि करार मात्र वर्षाचे. त्या दिवसांत वाहने कुठे अडवतील यावर तुमच्या दुकानासमोरून माणूस जाईल की नाही हे ठरेल, आणि ते तुमच्या हाती नाही. जो धंदा रोजच्या रहिवाशांवर आणि स्टेशनच्या गिऱ्हाइकावर भाड्यासह भागतो, तोच करा. पर्वणीचे उत्पन्न वरचे समजा.

प्रश्न : वय ५६, स्वेच्छानिवृत्तीचे ३५ लाख हाती आले आहेत. एका खाद्यपदार्थाच्या ब्रँडची शाखा २८ लाखांत देऊ करतात. या वयात धाडस करावे का? – इंदिरानगर

उत्तर : वय आड येत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत कंपनी काढणाऱ्यांचे सरासरी वय ४२ च्या आसपास होते, आणि सर्वात वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे ४५. आडवा येतो तो एकरकमी पैसा. हातात अचानक रक्कम आली की माणूस धंद्यात उतरण्याची शक्यता वाढते, हेही अभ्यासांत दिसलेले आहे. तुमच्या पत्रात खाद्यपदार्थांविषयी एक ओळही नाही, सगळे पैशाविषयीच आहे. म्हणून आम्हाला काळजी वाटते.

३५ पैकी १० लाखांहून जास्त धंद्यात घालू नका आणि घर तारण ठेवू नका. त्या ब्रँडच्या दोन चालू आणि एका बंद पडलेल्या शाखाचालकाला स्वतः शोधून भेटा, कंपनीने दिलेल्या नावांना नको. त्यांना चार आकडे विचारा: रोजची सरासरी बिले, कच्चा माल कंपनीकडूनच घ्यावा लागतो का आणि बाजारभावापेक्षा किती महाग, विक्रीवर द्यावी लागणारी टक्केवारी, आणि वर्षात किती पोरे सोडून गेली. करारात मुदतीआधी बाहेर पडलात तर अनामत आणि फर्निचरचे काय होते ते कलम वकिलाकडून वाचून घ्या. त्याआधी एखाद्या ओळखीच्या हॉटेलात तीन महिने गल्ल्यावर आणि भटारखान्यात मिळून रोज आठ तास उभे राहा, पगार नाही मिळाला तरी. पायांना आणि डोक्याला हे काम झेपते का ते तिथेच कळेल, आणि तोवर २८ लाख बँकेत सुरक्षित राहतील.